चढ त्यांचा, उतार माझा

सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागल्यावर तामलवाडी मागे पडली की उत्तरेच्या क्षितिजावर बालाघाटाची सपाट, सलग रेघ दिसू लागते. आम्हा सोलापूरकरांचे सारे आयुष्य सपाटीवर जाते. डोंगर म्हटला की महाबळेश्वर आठवते आणि तुळजापूरचा घाट म्हणजे देवीच्या वाटेवरची चार वळणे, एवढीच त्याची ओळख असते. कोजागरी पौर्णिमेला लाखो भाविक याच रस्त्याने सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात. तरुणपणी आम्हीही गेलो होतो, पण रस्ता सोडून त्या रेघेपर्यंत चढून जावे असे तेव्हा वाटले नव्हते. ते वाटले माझ्या यजमानांच्या अँजिओप्लास्टीनंतर, डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणीचा कागद वाचून "आता थोडा चढ चालायलाही हरकत नाही" असे सांगितले त्या दिवशी.

माझे यजमान सहासष्ट वर्षांचे आहेत आणि नोकरीची सगळी वर्षे त्यांनी बँकेत हिशेब सांभाळला. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट आहे, गुडघे मात्र अजून तरुण माणसाचे आहेत. माझे हृदय सुस्थितीत आहे, पण दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली आहे. टेकडीवर जायचे ठरल्यावर लक्षात आले की एकच वाट आम्हा दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी अडवणार आहे. चढताना शरीराचे वजन उचलून वर न्यायचे असते, त्यासाठी स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो आणि तो पोहोचवण्याचे काम हृदयावर येऊन पडते. उतरताना श्वास फारसा लागत नाही, परंतु प्रत्येक पावलागणिक खाली येणारे वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत पेलून धरावे लागते आणि गुडघ्याच्या वाटीवर सपाटीपेक्षा कितीतरी जास्त दाब येतो. म्हणून चढ त्यांच्या गतीने चढायचा आणि उतार माझ्या गतीने उतरायचा, असा नियम आम्ही घरीच करून टाकला. साठी ओलांडलेल्या आणि आमच्याप्रमाणेच वेगवेगळी दुखणी असलेल्या जोडप्यांना उपयोग व्हावा, या हेतूने पुढचे सगळे तपशिलाने लिहीत आहे. औषधे आणि व्यायाम यांबाबत मात्र ज्याने त्याने आपल्याच डॉक्टरांना विचारावे.

तयारी दिवाळीनंतर सुरू झाली. आरंभी सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात आणि विजापूर रस्त्यावरील स्मृती उद्यानात नुसते सपाटीवर चालणे होते. त्यात अडचण काही आली नाही, परंतु सपाटीवर तासभर चालता येणे म्हणजे चढ चालता येणे नव्हे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आम्ही निवडलेली टेकडी पायथ्यापासून शंभर मीटरच्या आसपास उंच आहे. एक मजला तीन मीटरांचा धरला तर ती तेहतीस मजल्यांची इमारत होते. सोलापुरात एवढा चढ आणायचा कुठून, म्हणून आम्ही राहत्या इमारतीचा जिना धरला. हे आधी दोन मजले चढून थांबत, मग चार, आणि हळूहळू विसावा घेत घेत अर्ध्या टेकडीइतके मजले त्यांच्या अंगवळणी पडले. माझा सराव याच्या उलट होता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला हातांचा आधार न घेता खुर्चीवर बसणे-उठणे, पाय सरळ ठेवून उचलणे, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून एक पाऊल अगदी संथपणे खाली टेकवणे असे व्यायाम दिले. गुडघ्याची झीज भरून येत नाही, पण त्याच्या वरचा स्नायू बळकट केला तर सांध्यावर येणारा भार तो वाटून घेतो, हे त्यांनी मला सांध्याचा सांगाडा हातात देऊन समजावून सांगितले.

चालण्याचा वेग कसा ठरवायचा, हा प्रश्न यजमानांच्या बाबतीत महत्त्वाचा होता. अनेक जण नाडीचे ठोके मोजतात किंवा मनगटावरच्या घड्याळात पाहतात. यांना बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू आहे आणि ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे शरीर दमले तरी घड्याळातला आकडा शांत दिसू शकतो. डॉक्टरांनी त्याऐवजी बोलण्याची कसोटी सांगितली: चालता चालता एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता आले तर वेग बरोबर आहे, वाक्य तुटू लागले तर थांबायचे. यांनी त्यासाठी दिडकी आणि अडीचकीचे पाढे निवडले. लहानपणी पाठ झालेले असल्यामुळे आठवायला कष्ट नाहीत आणि ओळ कुठे तुटली ते मागून चालणाऱ्या मला लगेच कळते. मला ही युक्ती फार आवडली, कारण "दमलात का?" असे सारखे विचारणे आणि त्यावर "नाही" असे उत्तर मिळणे, या दोन्हींतून त्यामुळे सुटका झाली.

दिवस निवडताना माझा विषय कामी आला. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या किंचित उत्तरेला आहे. मे महिन्यात इथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पारा चाळीसच्या पुढे जातो. तेव्हा माळावर जाण्याचा विचारही कोणी करू नये. जानेवारीच्या आरंभी मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे पन्नास अंशांच्या आसपासच राहतो, दिवस अकरा तासांहून थोडाच मोठा असतो आणि सकाळी सातच्या सुमारास उजाडते. पहाटेची थंडी यांना वर्ज्य आहे, कारण गार हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून नऊच्या सुमारास चढायला लागावे, साडेदहा-अकराला माथ्यावर असावे आणि दुपारी दोनच्या आत पायथ्याशी परत यावे असे ठरले. वेळा अमावास्या, म्हणजे शेतात साजरी होणारी आमच्याकडची येळवस, होऊन गेली होती आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेला अजून अवकाश होता. जानेवारीच्या मध्याला शहरात यात्रेच्या नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची, गडबड सुरू झाली की सोलापूरकराचे पाय दुसरीकडे वळत नाहीत, तेव्हा त्याच्या आधीचाच एक कामाचा दिवस आम्ही धरला. सुट्टीच्या दिवशी तुळजापूरच्या गाड्यांना उभे राहायलाही जागा नसते.

टेकडीला नकाशात नाव नाही. घाट सुरू होण्याच्या बराच अलीकडे, मुख्य रांगेपासून सुटी पडलेली अशी ती आहे. जवळच्या वस्तीतले लोक तिला नुसते "माळ" म्हणतात. अशीच टेकडी आम्हाला हवी होती. एक तर तिच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीची वाट जाते, म्हणजे काही बिघडलेच तर वाहन जवळ आणता येते. दुसरे म्हणजे वरपर्यंत मोबाईलला रेंज मिळते, याची आमच्या भाच्याने आधी जाऊन खात्री केली होती. तिसरे असे की तिला दोन वाटा आहेत, एक समोरून दक्षिणेच्या अंगाने सरळ चढणारी आणि दुसरी पूर्वेकडून मेंढरांच्या पायांनी पडलेली, लांबची आणि सौम्य. चढायला पहिली आणि उतरायला दुसरी, हे तिथेच नक्की झाले.

पिशवीत काय घ्यायचे याचा मी बराच विचार केला, कारण वजन वाढले की ते यांच्या हृदयावरही पडते आणि माझ्या गुडघ्यांवरही. तीन लिटर पाणी घेतले. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो आणि तहान लागत नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही. आम्ही तहानेची वाट न पाहता प्रत्येक विसाव्याला दोन-चार घोट घेण्याचे ठरवले होते. खायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा, थोडे पेरू आणि तिळाची वडी. कडक भाकरी चार दिवस टिकते, वजनाला हलकी असते आणि तिला डबा लागत नाही, तेव्हा सोलापूरच्या माणसाने प्रवासाला दुसरे काही शोधण्याचे कारण नाही. यांच्या सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती, ती पिशवीत ठेवायची नाही असा माझा आग्रह होता. ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात आणि साधे खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून पट्टी, कापूस आणि चिकटपट्टी हेही घेतले. बांबूच्या दोन काठ्या, टोप्या, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घोट्याच्या वर येणारे मोजे, कारण कुसळीचे गवत डिसेंबरात वाळून तयार होते आणि त्याची कुसळे कापडातून थेट कातडीत शिरतात.

सकाळी स्थानकावरून साधी गाडी धरली. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पासष्ट ओलांडल्यामुळे यांनाही अर्धेच लागते, त्यामुळे आम्हा दोघांचे मिळून एक पूर्ण तिकीट झाले. हिपरग्याचा तलाव ओलांडताना पाण्यावर धुके होते आणि खिडकीतून येणारी हवा बोचत होती. ते धुके मला तयारीच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटले. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन वेगाने निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि सखल भागात साचून बसते. तिच्या वर असलेली हवा उलट थोडी उबदार राहते. वर्गात फळ्यावर काढलेली ही आकृती मी त्या दिवशी अंगावर अनुभवली. फाट्यावर उतरलो तेव्हा स्वेटर आणि मफलर दोन्ही लागत होते, आणि टेकडी एक तृतीयांश चढून गेलो तेव्हा मफलर सोडावा लागला. तो चालण्याचा उबारा होताच, पण थांबून दहा मिनिटे बसलो तरी हवा खालच्याइतकी गार लागली नाही.

फाट्यापासून पायथ्यापर्यंतची वाट ज्वारीच्या शेतांतून जाते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारे हे रब्बीचे पीक आहे. काळी माती जितकी खोल तितकी ज्वारी उंच. बांधाच्या कडेने करडईच्या ओळी पिवळ्या-केशरी फुलांवर आल्या होत्या. ती काटेरी असल्याने जनावरे आत शिरत नाहीत, म्हणून तिचे असे कुंपण करण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. एका शेतात येळवसेची कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, अजून उभी होती आणि तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले दिसत होते. शेतातल्या बाईंनी हाक घातली, "कुठनं आलाव, मावशी? बसा की, हुरडा खाऊन जावा." यांना पोटभर खाऊन चढायला मनाई आहे, कारण जेवणानंतर रक्ताचा ओघ पोटाकडे वळलेला असतो आणि त्यातच चढाचे कष्ट पडले तर हृदयावर दुहेरी ताण येतो. तसे सांगताच त्या म्हणाल्या, "मग येतानी थांबा. आगटी इझवत नाही." या बोलण्याने सबंध दिवसाला एक मुक्काम मिळाला, असे मला वाटले.

आता चढाविषयी. दूरून पाहिले तर बालाघाटाचा कोणताही डोंगर भाकरीच्या चवडीसारखा थरांचा दिसतो, आणि चढणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा हा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. प्रत्येक प्रवाहाचा खालचा भाग सावकाश थंड होऊन घट्ट काळा पाषाण बनला आणि वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र राहिला. घट्ट थर लवकर झिजत नाही, म्हणून तो डोंगराच्या अंगावर खड्या कड्यासारखा उभा राहतो. सच्छिद्र थर कुजून मुरूम होतो आणि तिथे उताराला सौम्यपणा येतो. मधल्या काळात उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची माती झाली असेल तर दोन प्रवाहांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा सापडतो. म्हणजे या टेकडीवरची वाट सतत सारखी चढत नाही: थोडा खडा टप्पा, मग बऱ्यापैकी सपाट मोकळा भाग, पुन्हा खडा टप्पा. हृदयाच्या रुग्णाला दम घ्यायच्या जागा त्या खडकानेच नेमून ठेवल्या आहेत.

आम्ही त्याप्रमाणेच चाललो. हे पुढे, मी चार पावले मागे. सौम्य भागात दिडकी न अडखळता चालू होती. पहिल्या खड्या टप्प्याला त्यांनी पाऊल लहान केले, जवळजवळ निम्मे, आणि पाढ्याचा वेगही त्याबरोबर उतरला, तरी ओळ तुटली नाही. टप्पा संपल्यावर सपाट भागात आम्ही थांबलो, पण बसलो नाही. एकदम बसण्यापेक्षा उभ्याने, काठीवर भार देऊन श्वास पूर्ववत होऊ देणे चांगले, असे त्यांना सांगितलेले होते. दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर मला पाढा थांबलेला ऐकू आला. मी काही बोलण्याआधीच ते खडकाला टेकून उभे राहिले आणि हाताने "ठीक आहे" अशी खूण केली. त्या वेळी मी छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटते का, हे एकेक करून विचारले. तसे काहीच नव्हते, नुसता दम लागला होता आणि दोनेक मिनिटांत तो बसला. विचारायच्या या तीन गोष्टी मी आधीपासून पाठ करून ठेवल्या होत्या. ऐन वेळी घाबरून काय विचारायचे ते सुचत नाही, म्हणून रुग्णाबरोबर चालणाऱ्याने एवढी उजळणी जरूर करावी, असे मला मनापासून वाटते.

दम खाताना मी त्यांना खडकातल्या पोकळ्या दाखवल्या. सच्छिद्र थरातील बुडबुड्यांच्या जागी नंतर झिरपलेल्या पाण्यातून पांढरी खनिजे साठली आहेत, कुठे हरभऱ्याएवढी, कुठे लिंबाएवढी. अनेक वर्षे मुलांना शिकवलेली ही गोष्ट यांनी पहिल्यांदाच हात लावून पाहिली आणि "मग ही पोकळी आधी, भरणे नंतर, जमा नंतर, खाते आधी उघडलेले" असे म्हणाले. त्यांना हिशेबाच्या भाषेत समजले म्हणजे पक्के समजले, हे मला माहीत आहे. दगड उचलून मात्र आम्ही पाहिले नाहीत. माळावरच्या दगडांखाली फुरसे असते आणि हिवाळ्यात घोणस उन्हाला येऊन पडते, तेव्हा पुढच्या पावलाआधी काठी आपटणे आणि न दिसणाऱ्या जागी हात न घालणे, हे आम्ही कटाक्षाने पाळले.

शेवटचा टप्पा सर्वांत खडा आहे आणि तिथे हात टेकून चार पावले वर जावे लागते. मी तिथे आधी थांबून त्यांच्या चेहऱ्याचा रंग आणि घाम पाहिला. गार घाम आणि पांढरा पडलेला चेहरा दिसला असता तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. माथा न गाठता उतरणे हाही त्या दिवसाच्या ठरावाचाच एक भाग होता आणि तो दोघांनी आनंदाने मान्य केलेला होता. तसे काही नव्हते. काठ्या वर टाकून ते चढले, मग मी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दीड तासाच्या आसपास लागला. तरुण माणूस हा चढ अर्ध्या तासात चढेल.

माथा सपाट आहे, घट्ट थराच्या टोपीने राखलेला. माती जेमतेम वीतभर, बाकी मुरूम. त्यावर कुसळी आणि पवन्या यांचे कमरेपर्यंतचे गवत, अधूनमधून हिवर, बोर आणि पिवळ्या फुलांचे तरवड. शेंदूर लावलेला एक म्हसोबा आहे, त्याला आम्ही नमस्कार केला. दक्षिणेकडे सोलापूरच्या बाजूला सारे धुरकट होते आणि त्याच्या अलीकडे ज्वारीचे, हरभऱ्याचे, करडईचे चौकोन पसरलेले होते. खोल काळी माती जिथे संपते तिथे ज्वारी संपते आणि मुरूम लागतो तिथून गवत सुरू होते, ही सीमा वरून इतकी स्वच्छ दिसते की पाठ्यपुस्तकाच्या नकाशापेक्षाही चांगला धडा तिथे आहे. शासकीय कागदांत अशा माळांची नोंद पडीक म्हणून होते, याचे मला आजही वाईट वाटते. आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात गवताच्या शेंड्यांना जवळजवळ पंख लावत एक भोवत्या पक्षी संथपणे फिरत होता. हे पक्षी मध्य आशियातून थंडीसाठी आपल्याकडे येतात आणि रात्री अशा गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. माळढोकासाठी आपल्या जिल्ह्यात १९७९ साली नान्नज परिसरात अभयारण्य झाले आणि आता तो पक्षी दृष्टीस पडणे जवळपास थांबले आहे. गवताळ माळ हे ओसाड रान नाही, ती एक भरलेली वस्ती आहे, हे माणसांच्या मनात उतरायला बराच उशीर झाला. आम्ही वर चूल पेटवली नाही आणि कोणी पेटवूही नये, कारण या दिवसांत वाळलेले गवत एका ठिणगीने पेट घेते आणि वारा असला तर सगळा माळ जातो.

चादर अंथरून भाकरी खाल्ली, तीही निम्मीच, आणि खाल्ल्यावर तासभर बसून राहिलो. या बसण्याचा कंटाळा करू नये. यांचे हृदय पुन्हा कामाला लागण्याआधी पोटाचे काम उरकलेले बरे, आणि माझ्या स्नायूंनाही उताराआधी विसावा हवा होता. तेवढ्यात पलीकडून मेंढरे घेऊन एक धनगर आला. आम्ही पूर्वेच्या वाटेने उतरणार हे ऐकून त्याने त्या वाटेवर मध्ये एके ठिकाणी मुरूम सुटा झाला आहे, तिथे डावीकडून गवतावरून उतरा, असे सांगितले. ही माहिती मला कोणत्याही नकाशातून मिळाली नसती.

उतरताना आमची जागा बदलली. आता मी पुढे आणि हे मागे. काठी चढताना धरली होती त्यापेक्षा वरून धरली, म्हणजे ती खालच्या पावलाच्याही पुढे टेकते आणि वजनाचा काही भाग हातांवर जातो. गुडघे ताठ न ठेवता किंचित वाकवलेले, पाऊल लहान, टाचेवर आपटून न टाकता सगळा तळवा एकदम टेकवायचा, आणि सरळ खाली न जाता नागमोडी जायचे. वाट लांबते, पण प्रत्येक पावलाला खाली येण्याची उंची कमी होते आणि माझ्या दृष्टीने तीच मोजायची असते. धनगराने सांगितलेली जागा बरोबर आली. तिथे आम्ही एका रेषेत चाललो नाही. मागच्याच्या पायाखालून सुटलेला दगड पुढच्याच्या पायावर येऊ नये म्हणून मी गवतावरून आडवी निघून गेले आणि मी थांबल्यावर हे उतरले.

यजमानांना या वाटेवर दम अजिबात लागला नाही आणि भराभर उतरण्याची त्यांची इच्छा मला पाठीमागून जाणवत होती. एकदा ते म्हणाले, "अगं, इथे तर सपाटच आहे." मी म्हटले, "अहो, सपाट तुमच्या गुडघ्यांना." त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले तेव्हा मी सांगितले आणि आम्ही बसलो. चढताना मी त्यांना विचारत होते तसे आता ते मला विचारत होते: सूज आहे का, गुडघा अडकतो का, पाय लचकतो का. अडकणे आणि लचकणे ही थांबण्याची लक्षणे आहेत, नुसते दुखणे हे वेग कमी करण्याचे. चढापेक्षा उताराला थोडा जास्तच वेळ लागला आणि तो ठरवलेल्या वेळेत बसला.

पायथ्याशी आगटी खरोखरच विझवलेली नव्हती. त्या बाईंनी गोवऱ्यांच्या राखेत भाजलेली कणसे हातावर चोळून गरम हुरडा पुढे केला, बरोबर शेंगांची चटणी आणि ताक. यांनी मीठ बेताचे म्हणून चटणी बाजूला ठेवली आणि दोन पसे हुरडा खाल्ला. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. पिशवीतल्या तिळाच्या वड्या मात्र त्यांच्या मुलांनी घेतल्या.

घरी आल्यावरही काही गोष्टी पाहायच्या राहतात. यांचा रक्तदाब त्या संध्याकाळी आणि पुढचे काही दिवस नोंदवला, तो नेहमीच्याच पातळीवर राहिला. माझ्या गुडघ्यांना सूज आली नाही, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळपासून मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठड्याला धरावे लागले. ताणलेल्या अवस्थेत काम केलेला स्नायू एक-दोन दिवसांनी असा दुखतो आणि आपोआप बरा होतो. सांध्याची सूज ही वेगळी आणि दुर्लक्ष करण्याजोगी नसलेली गोष्ट आहे. हा फरक मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधीच सांगितला होता, म्हणून मी घाबरले नाही. डॉक्टरांना सगळे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या टप्प्याला किती वेळ दम टिकला हे बारकाईने विचारले आणि जिन्याचा सराव चालू ठेवायला सांगितले.

फेब्रुवारी संपण्याच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, येडशीजवळच्या रामलिंगला जायचा आमचा विचार आहे. तिथे देऊळ दरीत आहे, म्हणजे आधी खाली उतरायचे आणि परतताना चढायचे; माझा उतार ताज्या पायांनी होईल, पण यांचा चढ दिवसाच्या शेवटी, थकल्यावर येईल. त्या क्रमाला त्यांची तयारी पुरेशी आहे का आणि खालच्या मुक्कामात किती वेळ विसावा घ्यावा, हे पुढच्या तपासणीच्या वेळी विचारायचे आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावरच तारीख ठरेल.